गाव सोडलेल्या राजांची कुळकथा

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस भाजून घ्यायला उभा होतो. माझ्या पुढे एक पोरगा. अंगात जांभळी, बिनबाह्यांची जर्सी, छातीवर मोठ्या अक्षरांत ‘किंग्ज’.

“कुठली रे टीम?”

“काका, एनबीए. सॅक्रॅमेंटो किंग्ज.”

“जिंकतात का?”

“फारसे नाही. पण मालक आपला आहे ना! रणदिवे.”

एवढ्या भांडवलावर सातासमुद्रापलीकडच्या हरणाऱ्या बास्केटबॉल संघाची जर्सी मिरवणारा चाहता पुण्यातच भेटायचा. पुण्याच्या स्वतःच्या नावाचाही संघ होता की. 2015 मध्ये सुरू झालेल्या यूबीए लीगमधला ‘पुणे पेशवाज’. पुढे ती लीगच गुंडाळली गेली आणि पेशव्यांचं नावही मागे पडलं. एनडीएतले कॅडेट अजून बास्केटबॉल खेळतात, शाळा-कॉलेजांच्या कोर्टांवरही चेंडू आपटतोच आहे. व्यावसायिक संघ मात्र आपल्याकडे रुजला नाही. तेव्हा निदान या किंग्जचं कूळ-मूळ तरी पाहावं म्हटलं, आणि ते उकलायला बसलो तर या राजांनी आयुष्यभर बिऱ्हाडच बदललेलं निघालं.

आपल्याकडे गाव सोडणारा माणूस गावाचं नाव आडनावात बांधून नेतो. अमेरिकेतल्या संघांची रीत नेमकी उलटी. ते गावाचं नाव जागच्या जागी टाकतात आणि आडनाव तेवढं उचलतात. तळ्यांच्या मिनिआपोलिसमध्ये ‘लेकर्स’ नाव शोभत होतं. 1960 साली संघ लॉस एंजेलिसला गेला, तळी मागे राहिली, नाव आलं. न्यू ऑर्लिन्सचा ‘जॅझ’ 1979 मध्ये थेट मॉर्मनांच्या युटात जाऊन बसला. किंग्जच्या बाबतीत तर आडनावही पुरतं टिकलं नाही.

मूळ गाव रॉचेस्टर, न्यूयॉर्क राज्यातलं. तिथल्या लेस हॅरिसन नावाच्या गृहस्थांचा निमव्यावसायिक संघ 1923 पासून खेळत होता, आणि पुरस्कर्त्या दारू कंपनीवरून त्याला ‘सीग्रॅम्स’ म्हणत. राजघराण्याचा मूळ पुरुष असा व्हिस्कीच्या बाटलीतून निघाला आहे! दुसरं महायुद्ध संपलं त्या 1945 साली हॅरिसन बंधूंनी नॅशनल बास्केटबॉल लीगमधली जागा 25 हजार डॉलरला घेतली. नाव ठेवलं ‘रॉयल्स’. पहिल्याच हंगामात त्यांनी ती लीग जिंकली. 1948 मध्ये संघ बीएए या दुसऱ्या लीगमध्ये गेला, पुढच्याच वर्षी दोन्ही लीग एक झाल्या आणि एनबीए जन्माला आली.

त्या काळचा खेळ आजच्या डोळ्यांना ओळखू येणार नाही. 6 जानेवारी 1951 ला रॉचेस्टर विरुद्ध इंडियानापोलिस सामना सहा जादा डावांपर्यंत ताणला गेला आणि शेवटचा आकडा काय, तर 75–73! अठ्ठ्याहत्तर मिनिटांच्या खेळात एवढेच गुण. कारण चेंडू ठराविक वेळात टोपलीकडे फेकलाच पाहिजे असा नियमच नव्हता. ज्याच्या हातात चेंडू, तो शेवटच्या फेकीची वाट पाहत उभा. लोक कंटाळले, तिकीटबारीवर परिणाम दिसू लागला, तेव्हा कुठे 1954 मध्ये 24 सेकंदांचं घड्याळ आलं. तो सामना रॉचेस्टर हरलं. एनबीएतला सर्वांत लांबलेला सामना आजही तोच. त्याच हंगामात, एप्रिलमध्ये, रॉचेस्टरने अंतिम फेरीत न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पहिले तीन सामने जिंकले, पुढचे तीन गमावले आणि सातवा 79–75 असा खिशात घातला.

पण रॉचेस्टर लहान गाव, प्रेक्षागृह त्याहून लहान. 1957 मध्ये संघ सिनसिनाटीला गेला.

या घराण्याची खरी थोरवी मला सिनसिनाटीत दिसते, आणि ती गुणफलकावर नाही. मॉरिस स्टोक्स हा कृष्णवर्णीय खेळाडू तेव्हाच्या सर्वोत्तमांपैकी एक. 12 मार्च 1958 ला सामन्यात तो पडला, डोकं लाकडी जमिनीवर आपटलं. शुद्धीवर आणून त्याला परत खेळायला उतरवलं. तीन दिवसांनी तो आणखी एक सामना खेळला, परतीच्या विमानात कोसळला आणि कायमचा पंगू झाला. संघातलाच जॅक ट्वायमन हा गोरा खेळाडू त्याचा कायदेशीर पालक झाला. वय अवघं तेवीस. स्टोक्सच्या उपचारांचा खर्च निघावा म्हणून तो दर उन्हाळ्यात मदत सामने भरवायचा. 1970 मध्ये स्टोक्स गेला, तोवर बारा वर्षं हे चाललं. 2004 मध्ये स्टोक्सचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं, तेव्हा तो मान स्वीकारायला ट्वायमनच उभा होता.

ऑस्कर रॉबर्टसनही सिनसिनाटीचाच. 1961–62 च्या हंगामात गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींची त्याची सरासरी दोन आकडी होती. त्याने भरलेला खटला मला त्या विक्रमापेक्षा मोठा वाटतो. मालकाला वाटलं तर अख्खा संघ उचलून दुसऱ्या शहरात नेता येत होता, खेळाडूला मात्र करार संपला तरी मर्जीने संघ बदलता येत नव्हता. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून रॉबर्टसन 1970 मध्ये न्यायालयात गेला. 1976 मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूंच्या मोकळिकीची वाट खुली झाली. आजचे कोट्यधीश खेळाडू त्याच वाटेवरून चालताहेत.

1972 मध्ये पुन्हा बिऱ्हाड हललं, या वेळी कॅन्सस सिटीला. तिथे ‘रॉयल्स’ नावाचा बेसबॉलचा संघ आधीच होता. एका गावात दोन राजघराणी नकोत म्हणून रॉयल्सचे ‘किंग्ज’ झाले. सुरुवातीला घरचे सामनेही कॅन्सस सिटी आणि ओमाहा अशा दोन गावांत वाटलेले; एका घरात जेवायचं, दुसऱ्यात झोपायचं. 1979 च्या जूनमध्ये वादळी पावसात त्यांच्या प्रेक्षागृहाचं छप्परच कोसळलं. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. 1983 मध्ये सॅक्रॅमेंटोच्या मंडळींनी संघ 1 कोटी 5 लाख डॉलरला विकत घेतला आणि 1985 मध्ये तो कॅलिफोर्नियात आणला.

सॅक्रॅमेंटो खडकवासल्याच्या माणसाला परकं वाटू नये. दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं, वरच्या अंगाला फॉल्सम धरण, आणि पुराची धास्ती जुनी. शहराला एनबीएचा हा एकच संघ, त्यामुळे जीव सगळा त्याच्यावर. 2002 मध्ये अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर लेकर्सनी हरवलं. त्या मालिकेतल्या सहाव्या सामन्याच्या पंचांना तिथले लोक अजून शिव्या देतात. मग उतरण लागली, आणि 2013 च्या जानेवारीत बातमी आली की संघ सिअ‍ॅटलच्या गटाला विकला जातोय. सिअ‍ॅटलचा स्वतःचा संघ 2008 मध्ये असाच ओक्लाहोमाला पळवला गेला होता. ज्याचं घर उठलं, तो दुसऱ्याचं उठवायला निघाला होता.

पानशेत-वरसगावच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या माणसांना विचारण्याची पद्धत नव्हती, सांगण्याची होती. सॅक्रॅमेंटोच्या लोकांनाही मत नव्हतं. मत होतं बाकीच्या संघांच्या मालकांना. पण या वेळी शहराचा महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः एनबीएचा जुना खेळाडू निघाला. त्याने शहरासाठी दुसरं गिऱ्हाईक उभं केलं. मे 2013 मध्ये मालकांनी 22 विरुद्ध 8 मतांनी स्थलांतर नाकारलं.

त्या गिऱ्हाईक गटाचे म्होरके विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा, शिक्षण एमआयटीचं. शेअर बाजाराची माहिती क्षणार्धात पडद्यावर आणणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्यांनी ‘टिबको’ कंपनी उभारली. बास्केटबॉलशी संबंध आला तो मुलीच्या शाळकरी संघाचे प्रशिक्षक म्हणून. स्वतः हा खेळ कधी खेळलेले नव्हते, म्हणूनच त्यांना एक प्रश्न पडला: समोरच्यांना अर्धं मैदान फुकट का सोडायचं? त्यांनी मुलींना 94 फूट मैदानभर प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहायला शिकवलं. संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला आणि माल्कम ग्लॅडवेलने 2009 मध्ये त्यावर गाजलेला लेख लिहिला. याला गनिमी कावा म्हणायचा मोह होतो, पण दबा धरून बसणं यात कुठेच नाही. ही सरळ अंगावर जाण्याची गोष्ट.

रणदिव्यांच्या गटाने 65 टक्के वाटा घेतला तेव्हा अख्ख्या संघाची किंमत धरली गेली 53 कोटी 40 लाख डॉलर. हॅरिसन बंधूंचे 25 हजार आठवून पाहा. भारतीय वंशाचा माणूस एनबीए संघाचा मुख्य मालक होण्याची ती पहिलीच वेळ. ऑक्टोबर 2019 मध्ये किंग्ज मुंबईत वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळले, एनबीएचे भारतातले पहिले. पहिला जादा वेळेत 132–131 असा हरले. दुसरा 130–106. तोही हरलेच.

तर चौपाटीवरच्या पोराचं म्हणणं दोन्ही बाजूंनी खरं. मालक आपला आहे, आणि जिंकत फारसे नाहीत. रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी, सॅक्रॅमेंटो अशी चार गावं पालथी घातलेल्या या घराण्याच्या नावावर एनबीएचं विजेतेपद एकच आहे. ते 1951 चं, रॉचेस्टरमधलं.