दोन सुट्या, दोन गावे

उन्हाळ्याची सुटी म्हटली की आपल्याकडे पूर्वी फार विचार करावा लागत नसे. मुले मामाच्या गावी जात. आमच्याकडे त्याला नानीचे घर म्हणत, एवढाच फरक. सुटीत पैसे खर्चून अनोळखी गावी जायचे, तिथे खोली घ्यायची, देखावे बघायचे आणि परत यायचे, ही चाल आपल्या मध्यमवर्गात फार जुनी नाही. तीर्थयात्रा होत्या, उरूस होते, जत्रा होत्या. पण नुसती हवा खायला जाणे साहेबाकडून आले. ते आपल्या घरात कसे शिरले, हे मला आमच्याच दोन सुट्यांवरून सांगायचे आहे. एक सुटी माझी सर्वांत नावडती, दुसरी सर्वांत आवडती.

आम्ही सोलापूरचे. अब्बा कापड गिरणीत टाइमकीपर होते. हातात पगार बेताचा, पण वाचनाचा नाद दांडगा. घरात दखनी बोलायची आणि शाळा मराठी, अशी आमची वाढ. १९८३ च्या मे महिन्यात अब्बांच्या हाती बोनसचे थोडे पैसे शिल्लक होते आणि गिरणीतल्या साहेब लोकांच्या तोंडी सतत महाबळेश्वर होते. अम्मीला सोलापूरचा उन्हाळा सोसत नसे. ठरले, की यंदा महाबळेश्वर.

महाबळेश्वरचे देऊळ आणि तिथून निघणाऱ्या पाच नद्यांचा महिमा जुनाच आहे. पण थंड हवेचे महाबळेश्वर ही इंग्रजांची वसाहत. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी हा डोंगर चढून आला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला जागा पसंत पडली आणि १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून त्याने ती घेतली. बदल्यात वाईकडचे खंडाळा हे गाव दिले. बाजारपेठेला माल्कमपेठ हे नाव पडले. पुढे मुंबई सरकारचा कारभारच उन्हाळ्यात वर जाऊ लागला. वेण्णा तलाव मात्र साहेबाचा नव्हे. तो साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधवला.

डोंगराच्या कड्यांना साहेबांची नावे मिळाली. एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, लॉडविक, आर्थर. माल्कमच्या मुलीच्या नावाने केट्स पॉइंट झाला. सर्वांत उंच जागेला सिंदोळा म्हणत, तिचा विल्सन पॉइंट झाला. पण या डोंगरावर घाम कोणी गाळला? इंग्रजांनी पूर्वेकडच्या आपल्या वसाहतींतून चिनी कैदी इथे आणून ठेवले होते. त्यांनी इथे बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे पिकवून दाखवले. आसपासच्या लोकांनी ती लागवड त्यांच्याकडे पाहून उचलली. वेताच्या टोपल्याही ते विणत. १८६४ मध्ये तो तुरुंग मोडला. त्यांच्या नावाचा पॉइंट नाही. हे सारे मला पुष्कळ नंतर वाचनातून कळले. त्या वेळी कळले ते एवढेच, की हा डोंगर सगळ्यांना सारखा थंड लागत नाही.

आम्ही संध्याकाळी एसटीतून उतरलो. अब्बा, अम्मी, आपा, मी आणि धाकटा भाऊ. हातात एक ट्रंक आणि दोन पिशव्या. बाजारातल्या एका लॉजवर खोली रिकामी होती. भाडे ठरले, पोऱ्याने किल्ली आणून टेबलावर ठेवली. अब्बांनी रजिस्टर पुढे ओढून आपल्या सुरेख मराठी अक्षरात नाव लिहिले. मॅनेजरने ते वाचले आणि किल्ली हळूच पुन्हा आपल्याकडे घेतली. "अहो, ही खोली सकाळीच दिलीय. पोराला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. बोलणे सभ्य होते. आवाज चढला नाही, अपशब्द नाही. पुढच्या ठिकाणी अब्बांनी आधीच नाव सांगितले. तिथे खोली रिकामी नव्हतीच. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी आम्हाला बाहेर उभे केले, एकटे आत गेले आणि एकटेच परत आले.

ती रात्र आम्ही एसटी स्टँडवर काढली. मे महिना असूनही गारठा होता. कंट्रोलरने अम्मी आणि आपासाठी बायकांची खोली उघडून दिली, न विचारता चहा पाठवला. हेही सांगायला हवे, कारण तेही त्याच गावात घडले. दुसऱ्या दिवशी ट्रंक स्टँडवर ठेवून आम्ही एसटीच्या गाडीतून सगळे पॉइंट पाहिले. इको पॉइंटला भावाने स्वतःचे नाव घेऊन आरोळी ठोकली. डोंगराने ती परत दिली. "अब्बा, तुम्ही पण ओरडा ना," तो म्हणाला. अब्बा हसले, पण ओरडले नाहीत. चणे आणि चपला घेऊन आम्ही संध्याकाळच्या गाडीने उतरलो. त्या रजिस्टरबद्दल अब्बा पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत. अम्मी एवढेच म्हणाली, "हवा तो ठंडी है जी, पर दिल नै लगा."

आता आवडती सुटी. ती या आधीची, १९८० सालची. सोलापूरहून विजापूर सुमारे शंभर किलोमीटर. तेव्हा मीटरगेजची पॅसेंजर होती. अंगावर कोळशाची कणी, खिडकीत तापलेले गज, भीमेच्या पुलावर सगळ्यांनी पाण्यात टाकलेली नाणी. मे महिन्यात विजापूरला जाणारा माणूस वेडाच म्हणायचा. पण तिथे अम्मीची खाला राहत होती. खोलीचे भाडे नाही, रजिस्टर नाही. दारात उतरलो की खाला अम्मीचे तोंड दोन्ही हातांत धरी. दुपारी भाकरी, शेंगाची चटणी आणि दही, रात्री गच्चीवर ओल्या चादरी.

अब्बा सकाळी सहालाच आम्हाला बाहेर काढत. इब्राहिम रोजा, ताज बावडी, मुलुख-ए-मैदान तोफ. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ती ओतली, वजन सुमारे पंचावन्न टन. १८५४ मध्ये इंग्रजांनी ती मोडीत काढली आणि दीडशे रुपयांची बोली आली. सुदैवाने तो सौदा रद्द झाला. भावाने विचारले होते, "अब्बा, दीडशे आपल्याकडे आहेत?"

अब्बांचा इतिहास राजांच्या लढायांचा नव्हता. कारकुनाचा होता. ते म्हणत, राज्य चालते हिशेबाच्या वहीवर, आणि वही कोणत्या भाषेत आहे ते बघावे. पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, म्हणजे १५३४ ते १५५८ मध्ये, हिशेबातून फार्सी मागे पडली आणि देशी भाषा व देशी कारकून पुढे आले, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. आदिलशाहीचे कितीतरी कागद फार्सी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहेत. शहाजीराजे याच दरबाराचे मातब्बर सरदार. दुसऱ्या इब्राहिमने 'किताब-ए-नौरस' लिहिले, त्यात सरस्वती आहे, गणपती आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. मला आजही विचारतात, तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता कशी लिहिता? मी विजापूरच्या दफ्तराकडे बोट दाखवतो. ही भाषा आमच्या घरात काल-परवा पाहुणी आलेली नाही.

आणखी एक गोष्ट मला पुढे वाचताना सापडली. १८१८ नंतर विजापूर साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होते, ते १८४८ पर्यंत. म्हणजे काही वर्षे आमची ही दोन्ही गावे एकाच राजाची होती. एक डोंगर साहेबाला आवडला म्हणून त्याचे नशीब फळफळले. दुसरे शहर बराच काळ ओसाड पडून राहिले. १८८५ मध्ये जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून तिथे आले तेव्हा जुन्या महालांत कचेऱ्या थाटल्या गेल्या. घुमटासमोरच्या नगारखान्यात १८९२ मध्ये संग्रहालय झाले.

शेवटच्या दिवशी गोलघुमट. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ मध्ये वारला आणि काम पुरते पुरे झाले नाही. दाभोळचा याकूत हा तिचा रचनाकार मानला जातो, म्हणजे आपल्या कोकणातला माणूस. घुमट आतून सुमारे १२४ फूट रुंद, मध्ये एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या सात मजली मिनारातून अरुंद जिना चढून सज्जात जायचे. तिथे भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले तरी समोरच्या टोकाला ऐकू येते. एक टाळी वाजवली तर कितीतरी वेळा परत येते.

अम्मी बुरख्यात कशीबशी चढून आली. आमच्या अम्मीचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नसे. अब्बांनी तिला एका बाजूला बसवले आणि आम्हाला घेऊन ते पार समोर गेले. गर्दी नव्हती. आम्ही भिंतीला कान लावले. थोडा वेळ काहीच नाही. मग अगदी कानाशी बसल्यासारखा अम्मीचा आवाज आला. तिने आपाचे नाव घेतले, माझे घेतले, भावाचे घेतले. आणि मग चौथे नाव घेतले, जे घरात कोणी घेत नसे. आमच्या आधीचा एक भाऊ, तो सव्वा वर्षाचा होऊन गेला होता. मला तेव्हा ते नाव ठाऊक नव्हते. अब्बांना होते. ते भिंतीला कान लावून तसेच उभे राहिले, आम्ही ओढले तरी हलले नाहीत.

परतीच्या गाडीत अम्मी खिडकीशी बसली होती आणि घुमट दिसेनासा होईपर्यंत तिकडे पाहत होती. सोलापूरला उतरल्यावर तिने त्या भावाबद्दल आम्हाला प्रथमच सांगितले. तो कसा होता, काय खाई, कसा हसे.

सहल चांगली की वाईट, हे हवेवरून ठरत नाही, असे मला वाटते. थंडगार महाबळेश्वरात अब्बांना आपले नाव उच्चारायचे जड गेले आणि भट्टीसारख्या विजापुरात अम्मीला सगळी नावे घेता आली. आता खोल्या मोबाइलवर ठरतात. नाव आधीच भरावे लागते. गेल्या वर्षी माझ्या मुलीने महाबळेश्वरची खोली ठरवली तेव्हा ती मिळालीच, चांगली मिळाली. मालकाने स्वतः फोन करून वाट समजावली. तरी नाव भरून उत्तर येईपर्यंतची ती पाच मिनिटे मी खुर्चीत नीट बसलो नव्हतो.

अब्बा आता नाहीत. अम्मीची ऐंशी उलटली आहे. सुटीत कुठे जायचे विचारले की ती विजापूरच म्हणते. ते सात मजले आपल्याला चढवणार नाहीत, हे तिला ठाऊक आहे. म्हणते, "मैं नीचे बैठती. तुम उप्पर जाको नावां लेव."