बदकपिल्लांचा विषाणूजन्य यकृतदाह

१९४९च्या वसंतात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पांढऱ्या पेकिन बदकांची दोन-तीन आठवड्यांची पिल्ले झपाट्याने मरू लागली. लेव्हाइन आणि फॅब्रिकंट या संशोधकांनी त्यांच्यातला विषाणू कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणात वाढवून वेगळा केला. पुढे तो पिकोर्नाविषाणूंच्या कुळात गणला गेला.

या रोगात सारे काही वयावर ठरते. आठवड्याच्या आतल्या पिल्लांत मरतूक ९५ टक्क्यांपर्यंत जाते, एक ते तीन आठवड्यांच्या पिल्लांत निम्म्यापर्यंत, आणि चार-पाच आठवड्यांनंतर ती नगण्य ठरते. मोठ्या बदकांना लागण होते, पण ती आजारी दिसत नाहीत आणि त्यांची अंडीही घटत नाहीत. फार्मवाल्याला सर्वांत सहज फसवणारी गोष्ट हीच, असे मला वाटते. कळप धडधाकट दिसतो आणि रोग त्यातच फिरत असतो.

विषाणू तोंडावाटे शिरतो आणि यकृतात वाढतो. एक-दोन दिवसांत पिल्लू कळपामागे रेंगाळते, डोळे अर्धवट मिटून बसते, मग कुशीवर पडून पाय झाडू लागते. मान पाठीकडे ताणली जाते आणि तासाभरात ते मरते. मेलेल्या पिल्लाची ही ताठ, मागे वळलेली मान शवविच्छेदनापूर्वीच संशय जागा करते. आत यकृत सुजलेले आणि रक्तस्रावाच्या ठिपक्यांनी भरलेले असते. या ठिपक्यांना निदानात मोठे मोल आहे. बुरशी लागलेल्या खाद्यातील अफ्लाटॉक्सिननेही पिल्लांना झटके येतात आणि मान मागे वळते. १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याच्या दूषित पेंडीने टर्कींबरोबर बदकपिल्लेही दगावली होती. त्या विषबाधेत मात्र यकृतावर असे ठिपके उमटत नाहीत. तरीही खात्री प्रयोगशाळेतच करावी.

साथ तीन-चार दिवसांत मरतुकीचा कळस गाठते. पिल्लाला स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला तेवढा अवधीच मिळत नाही आणि प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. म्हणून पहिली मरतूक दिसताच उरलेल्या पिल्लांना तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देतात. ती या रोगातून बऱ्या झालेल्या बदकांच्या रक्तद्रवातून किंवा लस टोचलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांच्या बलकातून काढलेली असतात. खरा उपाय त्याच्याही आधी, अंड्यावर येण्यापूर्वी पैदाशीच्या माद्यांना लस देण्याचा. त्यांची प्रतिपिंडे बलकातून पिल्लात उतरतात आणि नेमके धोक्याचे आठवडे सांभाळतात. अशा पिल्लाला पहिल्याच दिवशी जिवंत लस दिली, तर आईची प्रतिपिंडे त्या लसीचाच जोर मोडू शकतात. म्हणून दोन्ही बेत एकत्र आखावे लागतात.

बरी झालेली पिल्ले आठ आठवड्यांपर्यंत विष्ठेतून विषाणू सोडतात आणि अस्वच्छ ब्रूडरमध्ये तो अनेक आठवडे टिकतो. वेगवेगळ्या वयाची पिल्ले एका शेडमध्ये ठेवली, तर आधीची तुकडी नव्या तुकडीला रोग देते. शिवाय या विषाणूचे तीन प्रकार आहेत. पहिला जगभर आढळतो, दुसरा तैवानमध्ये, तिसरा कोरिया, चीन आणि व्हिएतनाममध्ये. पहिल्याविरुद्धची लस तिसऱ्याला रोखत नाही. त्यामुळे लस देऊनही पिल्ले मरू लागली, तर लसीच्या साठवणुकीबरोबर विषाणूचा प्रकारही तपासून घ्यावा लागतो.