लिटल रॉकची शाळा

दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं, हे आपल्या पोरांना पाठ आहे. पण ब्लॅक पँथर 1966 चे. त्याच्या नऊ वर्षं आधी आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात नऊ काळी पोरं एका सरकारी हायस्कूलच्या दारात उभी राहिली. त्यांच्याविषयी आपल्यात कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहितोय.

सेंट्रल हायस्कूल 1927 चं. 15 लाख डॉलर खर्चून बांधलेलं, फक्त गोऱ्यांसाठी. काळ्यांसाठी 1929 ला डनबार हायस्कूल झालं, 4 लाखांत. पुस्तकं गोऱ्यांच्या पोरांनी वापरून टाकलेली. उष्टं म्हणतात ते हेच.

17 मे 1954 ला सुप्रीम कोर्टानं अशा वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. झालं, जिंकलो? थांबा. अंमल करणार कोण, तर गोऱ्यांचंच शाळा-मंडळ. त्यांनी 1956 ला काळ्यांसाठी नवं होरेस मान हायस्कूल उघडलं, अन् 1957 ला श्रीमंत गोऱ्यांच्या पश्चिम भागात हॉल हायस्कूल. काळी पोरं घ्यायची ती सेंट्रलमध्ये, जिथं आता मुख्यतः गोऱ्या कामगारांची मुलं उरली. शहाण्यांच्या पोरांना झळ नाही. डोकी फुटतील ती गरिबांची. आणि तो गरीब गोराही कातडीच्या माजात रस्त्यावर उतरला, हे वर्गलढ्याची पोथी वाचणाऱ्या आपल्या मित्रांनी लक्षात घ्यावं. अर्ज केलेली काळी पोरं मंडळानं गाळत गाळत नऊवर आणली. खेळ नाही, बँड नाही, नुसतं वर्गात बसायचं.

4 सप्टेंबर 1957. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबसनं दारात नॅशनल गार्डचे बंदूकधारी उभे केले. पोरांनी मिळून जायचं ठरलं होतं. पण एलिझाबेथ एकफर्डच्या घरी फोन नव्हता, तिला निरोपच पोचला नाही. पंधरा वर्षांची ती पोरगी एकटी गेली. शिपायांनी अडवलं, मागं किंचाळणारा जमाव. ती छातीशी वह्या धरून चालत बसथांब्यापर्यंत गेली. रडली नाही. तो फोटो जगभर गेला.

शेवटी आयसेनहॉवरनं 1,200 पॅराट्रूपर धाडले. 25 सप्टेंबरला नऊजण पुढच्या दारानं आत गेले. पण शिपाई वर्गात येत नसत. तिथं थुंकणं, ढकलणं, लाथा. मिनीजीन ब्राउननं डिसेंबरात कँटीनमध्ये छळणाऱ्यांच्या डोक्यावर चिलीचं ताट ओतलं, तेव्हा तिथं राबणाऱ्या काळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या! पुढं फेब्रुवारीत तिला काढून टाकलं. उरले आठ.

मे 1958 ला अर्नेस्ट ग्रीन पास होऊन बाहेर पडला, त्या शाळेचा पहिला काळा पदवीधर. मग फॉबसनं शहरातली चारही हायस्कुलं वर्षभर बंद ठेवली. मतदान झालं: बंदच्या बाजूनं 19,470, विरोधात 7,561. गोऱ्यांसाठी खाजगी शाळा निघाल्या. काळ्या मुलांपैकी निम्म्यांना कुठलीच शाळा मिळाली नाही.

फुटबॉलचे सामने मात्र त्या वर्षीही झाले.