पाचवीची रात्र : एका भीतीचा आणि एका सल्ल्याचा इतिहास

'दारिद्र्य त्याच्या पाचवीलाच पुजलेले' हा वाक्प्रयोग आपण वर्गात शिकवतो, 'जन्मापासून नशिबी असणे' असा त्याचा अर्थ सांगतो आणि पुढे जातो. भाषेत रुळलेल्या वाक्प्रयोगांचे बहुधा असेच होते. अर्थ शिल्लक राहतो, ज्या अनुभवातून तो आला तो अनुभव विसरला जातो. पाचवी ही मुळात एक रात्र आहे. तान्हे मूल जगते की जाते या धास्तीने घरातल्या बायकांनी जागून काढलेली रात्र. मुलांच्या आरोग्याविषयी आईबापांना द्यायच्या सल्ल्याचा इतिहास लिहायचा झाला, तर मराठीपुरता तरी तो या रात्रीपासून सुरू करावा लागेल.

विधीचे तपशील घरागणिक आणि जातीगणिक बदलतात, पण त्याचा सांगाडा परिचित आहे. जन्मानंतरच्या पाचव्या दिवशी, काही ठिकाणी सहाव्या, पाटा-वरवंटा मांडून सटवाईची किंवा जिवतीची पूजा करायची. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा कोयता ठेवायचा. दिवा विझू द्यायचा नाही आणि रात्रभर जागायचे. पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते. 'सटवाई' हे नाव संस्कृतातील 'षष्ठी'वरून आले. या देवतेचे स्वरूप दुहेरी आहे. ती मूल राखते आणि तीच मूल नेते. म्हणूनच एकीकडे तिची पूजा होते आणि दुसरीकडे 'सटवी' ही मराठीतली एक जिव्हारी लागणारी शिवी ठरते.

हे दुहेरीपण जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बालकांना पीडा देणारे नऊ ग्रह सांगितले आहेत. स्कंद, शकुनी, रेवती, पूतना ही त्यांतली काही नावे. काश्यपसंहिता हा तर कौमारभृत्याचाच, म्हणजे बालरोगशास्त्राचाच ग्रंथ. त्यातही रेवतीला मोठे स्थान आहे. महाभारताच्या सभापर्वातली जरा ही राक्षसी जरासंधाच्या शरीराची दोन शकले सांधून त्याला जीवदान देते आणि गृहदेवता म्हणून पूज्य ठरते. श्रावणात आपल्याकडे भिंतीवर लागणाऱ्या जिवतीच्या छापील पटावर नरसिंह, कालियामर्दन आणि बुध-बृहस्पती यांच्यासोबत जरा-जिवंतिका मुलांना खेळवताना दिसतात, ती परंपरा इथवर येऊन पोहोचते. छापखान्याच्या काळात मराठी घरात शिरलेले बालरक्षणाचे सर्वांत परिचित कागदपत्र कोणते, असे विचारले तर मी या पटाकडे बोट दाखवीन.

आता प्रश्न असा, की पाचवीच का? तिसरी किंवा दहावी का नाही? याचे निर्णायक उत्तर देणारा लेखी पुरावा नाही, आणि तो नसताना 'आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणणे हा अभ्यास नव्हे. तरीही एक योगायोग नजरेआड करता येत नाही. नवजात बालकाच्या धनुर्वाताचा क्रम वैद्यकाने पुढीलप्रमाणे नोंदवला आहे. पहिले दोन दिवस बाळ नीट रडते, नीट अंगावर पिते. मग तिसऱ्या दिवसापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच, त्याचा जबडा आवळू लागतो, दूध ओढता येत नाही, अंग ताठते आणि स्पर्शानेही आचके येतात. उपचार नसतील तर जवळजवळ प्रत्येक बाळ दगावते. जंतुसंसर्गाने होणारे इतरही पुष्कळ मृत्यू याच आठवड्यातले. सुखरूप जन्मलेले, दोन दिवस व्यवस्थित प्यालेले मूल पाचव्या-सहाव्या दिवशी डोळ्यांदेखत आखडत जाते, तेव्हा ते पाहणाऱ्या आईला 'कोणीतरी आले आणि घेऊन गेले' यापेक्षा दुसरे कोणते स्पष्टीकरण सुचावे? धोक्याची वेळ त्या बायकांनी अनुभवाने अचूक हेरली होती. कारण मात्र त्यांच्या हाती नव्हते.

ते कारण नाळेत होते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. मातीतल्या या जंतूचा छडा निकोलायर यांनी १८८४ मध्ये लावला, कितासातो यांनी १८८९ मध्ये तो शुद्ध स्वरूपात वाढवला आणि पुढच्याच वर्षी बेहरिंग यांच्यासह त्यावरील प्रतिविषाचा शोध जाहीर केला. नाळ कापायला हाती येईल ते पाते, बांधायला हाती येईल तो दोरा आणि बेंबीवर राख, माती किंवा शेण, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की जंतूला वाट मिळे. येथे एक सामाजिक बाबही लक्षात घेतली पाहिजे. प्रसूती ही विटाळाची गोष्ट मानली गेल्यामुळे नाळ कापण्याचे काम बहुतेक ठिकाणी खालच्या मानलेल्या जातींतील सुइणींकडे आणि बाळंतिणीची खोली घरातल्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात गेली. जे सर्वांत स्वच्छ असायला हवे होते तेच आपण 'अशुद्ध' ठरवून दूर सारले. शुद्धाशुद्धतेचा एवढा काटेकोर विचार करणाऱ्या समाजाने नाळ कापण्याच्या पात्याचा विचार केला नाही, ही या इतिहासातली सर्वांत बोचरी विसंगती आहे.

या टप्प्यावर आनंदीबाई जोशी यांचे स्मरण अपरिहार्य आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहाच दिवस जगले. वैद्यकाकडे वळण्याच्या त्यांच्या निर्णयाशी चरित्रकारांनी हे दुःख जोडले आहे. १८८६ मध्ये पेनसिल्व्हानियातील स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. परदेशी जाऊन त्यांनी अभ्यासायला घेतली ती आपल्याच घरातली बाळंतिणीची खोली. १८८७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत, त्या गेल्या. पण बाळंतिणीने आणि बाळाने काय सोसले हे सांगणारा आवाज प्रथमच आतून उठला होता.

त्यानंतरच्या काळात सल्ला मुबलक झाला. १८८५ मध्ये लेडी डफरिन निधी उभा राहिला, १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुइणींच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी निघाला. बालसंगोपनाची पुस्तके आली, स्त्रियांच्या मासिकांतून आरोग्यविषयक लेख येऊ लागले. या साहित्याचा अभ्यास साहित्याच्या विद्यार्थ्यांनी करायला हवा तो एका कारणासाठी : त्यात 'वाचक' कोण आहे? १९०१ च्या जनगणनेत भारतात हजार स्त्रियांमागे दहादेखील साक्षर नव्हत्या. म्हणजे हा सल्ला ज्या हातांनी नाळ कापली जाणार त्या हातांपर्यंत पोहोचणारच नव्हता. तो पोहोचत होता शिकलेल्या नवऱ्यापर्यंत आणि मूठभर शिकलेल्या बायकांपर्यंत. त्यातली सुईण ही बहुधा आरोपी असते, अडाणी, गलिच्छ, हट्टी. ती वाचक नसते. आणि ज्याला आपण आरोपी ठरवतो त्याला काही शिकवता येत नाही, हे शिक्षकाच्या पेशातल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

हा पेच केवळ आपल्याकडचा होता असेही नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाची दूरवरची बेटे आहेत. एकोणिसाव्या शतकात तेथे जन्मलेली असंख्य मुले आठवड्याभरात दगावत. लोकांनी त्या रोगाला नावच 'आठ दिवसांचा आजार' असे दिले होते, आणि ईश्वराची इच्छा म्हणून तो स्वीकारला होता. शतकाच्या अखेरच्या दशकात तेथील धर्मोपदेशक अँगस फिडिस यांनी ग्लासगोला जाऊन निर्जंतुक प्रसूतीची पद्धत शिकून घेतली, ती बेटावर आणली आणि हे मृत्यू थांबले. एक सटवाईचा समाज, एक ख्रिस्ती समाज. रोग एक, कालावधी एक आणि नशिबावर टाकलेला हवालाही एकच.

आपल्याकडे उत्तर यायला आणखी बराच काळ लागला. १९८८ मध्ये जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बालके धनुर्वाताने दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत भारताचा वाटा मोठा होता. उपाय दोनच होते आणि दोन्ही साधे होते. पहिला, गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस. तिच्या रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि जन्माआधीच त्याला संरक्षण मिळते. दुसरा, पाच स्वच्छता : हात स्वच्छ, प्रसूतीची जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ आणि बेंबी स्वच्छ, कोरडी, काहीही न लावलेली. बोटांवर मोजता येईल असा हा सल्ला. त्याला पुस्तक लागत नाही, साक्षरता लागत नाही. मौखिक परंपरेतला कोणताही चांगला मजकूर असाच असतो. दवाखान्यातील प्रसूतींचे प्रमाण वाढल्यानेही मोठा फरक पडला. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. निर्मूलन याचा अर्थ येथे प्रत्येक जिल्ह्यात वर्षाला हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण असा आहे. जंतू मातीत आहेतच, म्हणून लस आणि स्वच्छता चालू ठेवावीच लागते.

या इतिहासाचे सर्वांत महत्त्वाचे पान महाराष्ट्रातच लिहिले गेले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, शाळेत काही इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, बाळाला ऊब देणे, आईला अंगावर पाजायला मदत करणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे. सुइणींनाही दूर न सारता सोबत घेतले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. २०११ पासून हीच पद्धत देशभरातील 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत राबवली जाऊ लागली. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या मधोमध पाचवी येते, हे मराठी वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

ती घरी येऊन जे सांगते ते पाठ करण्याजोगे आहे. जन्मल्यावर तासाभरात बाळाला पाजावे. पहिले पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, पिळून टाकू नये. सहा महिने आईचे दूध आणि तेवढेच. पाणी नको, गुटी नको. मध तर वर्षभर नकोच, कारण धनुर्वाताच्याच कुळातल्या दुसऱ्या एका जंतूची बीजे मधात असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ती विष तयार करतात. बेंबीला काही लावू नये, डोळ्यांत काजळ घालू नये. बाळ पिणे थांबवू लागले, रडणे क्षीण झाले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाले, बेंबीतून पू आला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

यातले काही परंपरेच्या विरुद्ध जाते आणि काही तिच्याशी जुळते. बाळंतिणीला दहा दिवस वेगळे ठेवण्यामागे विटाळाची कल्पना होती. ती टाकायलाच हवी. पण त्या निमित्ताने तिला मिळणारी विश्रांती, ऊब आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांपासून बाळाची सुटका मात्र टाकण्याजोगी नव्हती. दिवा विझू न देणे आणि जागे राहणे यांतही काही चूक नव्हती. परंपरेची टवाळी करणाऱ्यांना हे दिसत नाही आणि तिची आरती ओवाळणाऱ्यांना नाळेवरची राख दिसत नाही. दोघेही त्या खोलीच्या बाहेरच उभे असतात.

जगभरात पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे आजही पहिल्या महिन्यातच होतात. म्हणजे ती रात्र पुरती सरलेली नाही. बदलले आहे ते एवढेच, की सटवाईपुढे ठेवलेला कागद कोरा असे आणि आशाताईच्या हातातला कागद भरायचा असतो. त्यावर वजन, ताप, श्वास आणि पिण्याच्या वेळा लिहायच्या असतात. तो भरायला आईला बोलते करावे लागते, तिचे ऐकावे लागते. शंभर वर्षे आपण जिला सल्ला देत राहिलो, तिला काय दिसते आहे हे विचारायला त्या कागदाने भाग पाडले.