साखर, सक्ती आणि संयम

मधुमेह हा यंत्रयुगानें आणलेला रोग आहे अशी एक समजूत आढळते. ती सर्वस्वी खरी नाहीं. सुश्रुतसंहितेंत या रोगाचे दोन प्रकार स्पष्ट सांगितले आहेत: एक जन्मतःच आलेला आणि दुसरा अपथ्यानें ओढवून घेतलेला. चरकसंहितेंत तर अपथ्याची यादीच आहे. बसून राहण्याचें सुख, झोपेचें सुख, दहीं-दूध, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ हीं त्या यादींतील कारणें. उपायही त्याच धर्तीचा. निर्धन रोग्यानें पायांत जोडा न घालतां व डोक्यावर छत्री न धरतां शंभर योजनें चालावें, किंवा विहीर खणावी, असें सुश्रुतानें सांगितलें आहे.

परंतु त्या काळीं साखर ही सामान्य माणसाची रोजची वस्तु नव्हती. उसाच्या रसापासून खडेदार साखर करण्याची कला भारतांत वाढली, आणि ‘शर्करा’ हा संस्कृत शब्द फारसी व अरबी भाषांतून प्रवास करीत युरोपांत पोंचला. तेथें साखर दीर्घकाळ औषधासारखी, मसाल्याच्या मोलानें विकली जाई. पुढें वेस्ट इंडीज बेटांत, आफ्रिकेंतून धरून नेलेल्या गुलामांच्या श्रमांवर उसाचे मळे उभे राहिले आणि ती स्वस्त झाली. इंग्लंडांत १७०० च्या सुमारास माणशीं वर्षाला सुमारें ४ पौंड साखर खपे; १८०० च्या सुमारास १८ पौंड; आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं सुमारें ९० पौंड. चैनीची वस्तु गरजेची होऊन बसली.

या विपुलतेचा शरीराशीं असलेला संबंध प्रथम दिसून आला तो विपुलता संपली तेव्हां. १८७० सालीं प्रशियाच्या सैन्यानें पॅरिस शहरास वेढा घातला व अन्नाचा तुटवडा पडला. तेथील वैद्य बूशार्दा यांस असें आढळलें कीं, आपल्या कांहीं मधुमेही रोग्यांच्या लघवींतील साखर या उपासमारींत नाहींशी झाली. मिताहार व व्यायाम यांचा त्यांनीं पुढें आग्रहच धरला.

१९२२ च्या जानेवारींत टोरोंटो येथें एका चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोंचण्यांत आलें आणि असंख्य रोग्यांस जीवदान देणारा मार्ग खुला झाला. ज्यांच्या शरीरांत इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाहीं, त्यांचा रोग साखर खाल्ल्यानें आलेला नसतो. त्या मुलांस वा त्यांच्या आईबापांस दोष देणें अन्यायाचें आहे. येथें प्रश्न आहे तो दुसऱ्या, बहुसंख्य रोग्यांचा.

त्यांच्या बाबतींत इतिहासानें दुसरा दाखला दिला तो ब्रिटनमध्यें. महायुद्धामुळें १९४० च्या जानेवारींत तेथें साखरेवर नियंत्रण आलें आणि तें १९५३ च्या सप्टेंबरांत उठलें. नियंत्रण उठतांच माणशीं रोजची साखर सुमारें ४० ग्रॅमवरून ८० ग्रॅमवर गेली. त्या सुमारास जन्मलेल्या सुमारें साठ हजार लोकांच्या नोंदी संशोधकांनीं तपासल्या व २०२४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांचा गर्भवास व पहिलीं दोन वर्षें नियंत्रणाच्या काळांत गेलीं, त्यांना पुढें मधुमेह होण्याचा धोका सुमारें ३५ टक्क्यांनीं कमी होता. आणि ज्यांना रोग झाला त्यांनाही तो सरासरी चार वर्षें उशिरा झाला. बालपणींचा घांस उतारवयांत हिशेब मागतो, तो असा.

याचें कारण गूढ नाहीं. गरजेहून अधिक साखर शरीर चरबीच्या रूपानें सांठवितें. ही चरबी यकृतांत व पोटाभोंवतीं वाढली कीं पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन पाझरूं लागतें, आणि अखेर थकतें. आनुवंशिकता, बैठें जीवन व एकंदर अतिआहार हींही कारणें आहेतच. परंतु गोड पेयांतील साखर पोट भरल्याची जाणीव न देतां आंत शिरते, म्हणून ती विशेष घातक.

प्रतिबंधाचा मार्गही आतां अनुभवानें सिद्ध झाला आहे. अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, रोगाच्या उंबरठ्यावरील लोकांनीं वजन सुमारें ७ टक्के उतरविण्याचा आणि आठवड्यास १५० मिनिटें व्यायाम करण्याचा नेम धरला. त्यांच्यांत मधुमेहाचें प्रमाण ५८ टक्क्यांनीं घटलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखालीं, आणि शक्य तर पांच टक्क्यांखालीं, म्हणजे दिवसास सुमारें सहा चमचे, ठेवण्यास सांगितलें. मध, गूळ व फळांचा रस यांतील साखरही या हिशेबांत धरावी लागते. गूळ देशी म्हणून सुटत नाहीं. दिवसांतून चार वेळां दोन-दोन चमच्यांचा चहा घेणाऱ्याची मर्यादा चहांतच ओलांडली जाते, हें ध्यानांत ठेवावें. ज्यांचें औषध चालू आहे त्यांनीं मात्र आहारांतील मोठा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच करावा.

पॅरिसला वेढ्यानें उपास घडविला, ब्रिटनला युद्धानें. पुन्हां तशी आपत्ति कोणावर न येवो. पण त्या आपत्तींनीं सक्तीनें जें साधलें, तें घरांतील साखरेच्या डब्याशीं आपखुषीनेंही साधतां येतें. त्यांतही घरांत जन्माला येणाऱ्या बालकाच्या पहिल्या दोन वर्षांतील संयम अधिक मोलाचा. कारण त्याचें फळ तें बालक जन्मभर चाखणार आहे.