हवालदार रमाशंकर यादव आठवतात का?

जेल फोडणं म्हटलं की मराठी माणसाला 24 जुलै 1943 आठवतो. वसंतदादा साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, दादांना गोळी लागली, दोन साथीदार गेले. लढाई इंग्रजांविरुद्ध होती, अभिमान वाटणारच. पण जेलच्या गोष्टीत आपण तेव्हापासून भिंत ओलांडणाऱ्याकडेच बघत आलो. पहाऱ्यावरच्या शिपायाला नावच नसतं.

म्हणून आज एक नाव सांगतो. 2016 ची दिवाळी, 30 ऑक्टोबरची रात्र. भोपाळ सेंट्रल जेलमध्ये रमाशंकर यादव रात्रपाळीला होते. सिमीच्या खटल्यांतले आठ न्यायबंदी बराकीबाहेर आले. यादवांचा गळा चिरला. हत्यार काय, तर जेवणाच्या स्टीलच्या ताटाचा धार लावलेला तुकडा! दुसऱ्या शिपायाला बांधलं, चादरींच्या आधाराने भिंत ओलांडली. दिवस उजाडल्यावर आठही जण चकमकीत मारले गेले आणि वाद पेटला तो चकमक खरी की खोटी याचा. तो प्रश्न विचारायलाच हवा होता, आयोगही बसला. पण त्या गदारोळात यादव बातमीच्या शेवटच्या ओळीत गेले. घरी मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. त्या आठांतले काही जण 2013 मध्ये खंडवा जेलमधून पळालेले होते. म्हणजे धोका माहीत होता. तरी कॅमेरे बंद होते.

भोपाळशी आपला काय संबंध म्हणाल, तर 7 जून 2020 आठवा. हर्सूलचे दोन कोरोनाबाधित कैदी किलेअर्कच्या कोविड सेंटरच्या खिडकीतून पळाले. तिथेही चादरीच. नशीब, कुणाचा जीव गेला नाही.

केंद्राच्या 2016 च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलप्रमाणे सहा कैद्यांमागे एक पहारेकरी हवा. बराकीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबल्यावर हे गणित कसं बसणार? वर या माणसांची अडचण अशी की अंगावर खाकी, पण ते पोलीस नाहीत, खातं वेगळं. 21 ऑक्टोबरला आपण हुतात्मा पोलिसांना मानवंदना देतो, तेव्हा जेलचा शिपाई कुणाच्या डोक्यातही नसतो.

येत्या 31 ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता मी हर्सूल जेलच्या गेटवर जाणार आहे. यादवांच्या फोटोला हार घालायचा आणि अधीक्षक साहेबांना निवेदन द्यायचं: रात्री बराकीवर एकटा शिपाई नको, प्रत्येकाकडे वॉकीटॉकी हवा, कॅमेरे चालू आहेत का हे रोज तपासावं, रिक्त जागा भराव्यात. कोण कोण येतंय, कमेंटमध्ये सांगा.