अनुभव : पुणे व आसपासची खेडी

आमच्या वेळी नोकरीच्या अर्जाबरोबर ‘बायोडाटा’ जोडत. आता ‘रेझ्युमे’ जोडतात. नोकरी पूर्वीइतकीच मिळत नाही, पण उच्चार सुधारला आहे.

या वाङ्मयप्रकाराचा आद्य लेखक म्हणून लिओनार्दो दा विंचीचं नाव घेतात. १४८२च्या सुमारास त्याने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. हलके पण मजबूत पूल बांधीन, वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढीन, तोफा करीन, झाकलेले रथ करीन, अशी कलमांमागून कलमं. अगदी शेवटी, शांततेच्या काळात इमारती बांधीन, पाणी एका जागेहून दुसऱ्या जागी नेईन, पुतळे करीन आणि हो, चित्रंही काढतो! आपण जिथे ‘छंद : वाचन व क्रिकेट’ लिहितो, तिथे या गृहस्थाने चित्रकला टाकली. समोरच्याला काय हवंय ते ओळखून लिहिलेला अर्ज. पुढे याच स्फोर्झाने त्याच्याकडून मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर ‘शेवटचं भोजन’ रंगवून घेतलं, म्हणजे काम आलं ते शेवटचंच कलम. पत्राचा जो मसुदा उरला आहे तो त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला नाही म्हणतात. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेण्याची चाल तेवढी जुनी आहे!

पण माझा आवडता बायोडाटा चारशे वर्षांनंतरचा, आणि पुण्याचा. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनाखाली सही आहे ती जोतीराव गोविंदराव फुले यांची. हुद्दा? व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, म्हणजे तेव्हाचा नगरपालिकेचा सभासद. पत्ता, पेठ जुना गंज. ‘महात्मा’ ही पदवी लोकांनी दिली १८८८ साली. अर्जात घालायला सहा वर्षं उशीर झाला. शिक्षणातला आपला अनुभव मुख्यतः पुणे व आसपासच्या खेड्यांपुरता आहे, असं ते आधीच सांगून टाकतात. मुलींसाठी एतद्देशीयांची शाळा नव्हती म्हणून काढली, तिथे मी आणि माझी पत्नी मिळून बरीच वर्षं काम केलं, मग महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. बस्स. त्यापायी वडिलांचं घर सोडावं लागलं, त्याचा उल्लेख नाही. आणि एवढा अनुभव मांडून मागितलं काय, तर किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण, आणि मास्तरांना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको. अनुभव स्वतःचा आणि पगार दुसऱ्याचा, असा अर्ज मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

हे सगळं मी रोडपालीतल्या एका शेजारच्या मुलाला ऐकवलं. तो कागद घेऊन आला होता. वर ‘आव्हानात्मक वातावरणात प्रगती साधणे’ वगैरे कुठून तरी उतरवलेलं ध्येय, आणि खाली ‘हेल्पर, लोखंड बाजार, कळंबोली, ३ वर्षे’.

“काय करायचास तिथे?”

“काही नाही काका. काट्यावर असायचो.”

खोदून विचारल्यावर कळलं, की रिकाम्या गाडीचं वजन, भरल्या गाडीचं वजन, वजाबाकी, ती चलनाशी ताडून पाहणं, फरक आला तर गाडी थांबवणं, हे सगळं ‘काही नाही’मध्ये बसत होतं. आमच्या बँकेत एवढ्या कामाला दोन माणसं आणि एक तपासनीस लागतो. ते सगळं मी त्याला लिहायला लावलं. ध्येय काढून टाकलं.

‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द मात्र त्याने वरच ठळक लिहिला होता. १९७० साली नव्या मुंबईसाठी जमिनी घ्यायचं ठरलं, त्यात आजोबांची शेती गेली. दाखला घरात आहे, कामाचा आहे, तो राहू दिला. पण त्या शब्दात आजोबांचं काय गेलं एवढंच येतं. आजोबा काय करत होते, ते येत नाही.

“बांध घालायचे,” तो म्हणाला. “खाडीचं खारं पाणी अडवायचं आणि आत भात लावायचा.”

म्हणजे पाण्याचं काम! लिओनार्दोने त्याच्यासाठी कलम खर्ची घातलं होतं.

“मग हे कुठं लिहू काका?”

आम्ही दोघांनी कागद उलटसुलट करून पाहिला. ‘वडिलांचा व्यवसाय’ होता. आजोबांचा रकानाच नव्हता.